सहीखालची रेघ

कार्ड मंगळवारी परत आलं. सोबत दोन ओळींची छापील चिठ्ठी होती. सही उपलब्ध नमुन्यांशी जुळत नाही, सबब कार्ड प्रदर्शनात लावता येणार नाही.

वहिनी ते पाकीट घेऊन थेट धाकट्या दिराच्या फ्रेमच्या दुकानात आली.

"भाऊजी, आमचं लग्न ठरलं त्या दिवशी यांनी माझ्यासमोर केलेली सही आहे ही. खोटी कशी असेल?"

कार्ड सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. च्युइंगगमच्या पाकिटात निघायचं. त्यावर दादाचा, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचा, फोटो, उंची सहा फूट पाच इंच, टोपणनाव शिडी. बास्केटबॉल संघातला तो बारावा खेळाडू. विजेतेपदाच्या त्या मोसमात तो एकूण एकोणीस मिनिटं मैदानावर होता, उरलेला वेळ बाकावर. तरी कार्डं बाराही जणांची निघाली. आता जुन्या क्रीडागृहात ती बाराही, सह्यांसकट, भिंतीवर लागणार होती. शनिवारी, पाच वाजता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"पुढचा महिना दिसला तर नशीब म्हणाले. उजवा हात तर लुळा पडलाच आहे. आणि हे रोज उठून विचारतात, माझं लागलं का? काय सांगू मी?"

धाकट्याने हातातली हातोडी खाली ठेवली. सही का जुळत नाही, हे त्याला नीट माहीत होतं.

त्या मोसमात चाहत्यांची पत्रं यायची. प्रत्येकात सहीसाठी एक कार्ड आणि परतीचं पाकीट. दादा लाजाळू, त्यात आळशी. "बघ रे काय ते," म्हणून गठ्ठा धाकट्याकडे ढकलायचा. धाकटा तेव्हा कॉलेजात होता. त्याने दादाच्या नावाने दोनशेच्या वर सह्या केल्या. नुसती सही बोडकी वाटते म्हणून खाली झोकात एक रेघही ओढली; दादा स्वतः तशी कधी ओढत नसे. बाजारात फिरली ती हीच कार्डं. पुढे त्यालाच कार्डांचा नाद लागला, नजर तयार झाली, लोक सह्या पारखायला त्याच्याकडे येऊ लागले. एकदा एकाने शिडीचं कार्ड आणलं. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून त्याने मागे 'अस्सल' असा शिक्का मारून दिला. त्यानंतर आणखी तीस कार्डांवर मारला.

शुक्रवारी सकाळी तो क्रीडागृहात गेला. प्रदर्शन भरवणारे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, संग्राहकांत वजन असलेले. ते शिडीवर चढून भिंतीला दोरी लावून माप घेत होते.

"मास्तर, दादाचं कार्ड खरं आहे. तुमच्याकडे आहेत ते सगळे नमुने खोटे. ते मी केलेत."

मास्तर हसले. "अहो, शिडीची सही रेघेवरून ओळखायची, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत."

"ती रेघच माझी आहे."

"भावासाठी जीव तुटतो, कळतं मला. उद्या म्हणाल, ती एकोणीस मिनिटंही मीच खेळलो."

"कागद द्या. पेन द्या."

त्याने सही केली. मग दुसरी. चार वर्षांपूर्वी काच कापताना उजव्या हाताच्या दोन बोटांची शीर तुटली होती; ती बोटं पुरती वळत नव्हती. अकरा सह्या झाल्या. मास्तरांनी एकेकीवर भिंग धरलं.

"नाही हो. तुमची रेघसुद्धा थरथरते."

"माझ्या आईची शपथ घेतो, मास्तर."

"शपथेवर सही अस्सल ठरत नाही, हेही तुमचंच वाक्य." मास्तरांनी आपल्या संग्रहातलं शिडीचं कार्ड उलटं करून दाखवलं. "इथे शिक्का कुणाचा आहे? बारावं म्हणून हे लावतोय मी."

"नका लावू. पाया पडतो तुमच्या."

"मग काय, तिथे भोक ठेवू?"

शनिवारी पाच वाजून दहा मिनिटांनी वहिनीने चाकाची खुर्ची आत आणली. दादाला इस्त्रीचा शर्ट घातला होता, उजवा हात मांडीवर टॉवेलवर ठेवला होता. बाराव्या चौकटीपुढे खुर्ची थांबली. दादाने बराच वेळ पाहिलं.

"खाली रेघ आहे," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते.

धाकटा खुर्चीशेजारी उकिडवा बसला. "दादा, ती..."

"तुझी. आपल्या टेबलावर पाहिलीय मी. माझं कुठाय?"

धाकट्याने शर्टाच्या खिशातून कार्ड काढून त्याच्या डाव्या हातात दिलं. "घेतलं नाही त्यांनी. खोटं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

वहिनी दिराकडे बघत होती.

"मी," तो म्हणाला.

तेवढ्यात मास्तर एक कोरं कार्ड आणि मार्कर घेऊन आले. मागे आठ-दहा संग्राहक रांग लावून उभे. "शिडीसाहेब, एकच सही! साक्षात तुमच्या हातची."

दादाने टॉवेलवरच्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही.

"याला द्या," तो धाकट्याकडे मान वळवून म्हणाला. "सवय आहे त्याला."

मास्तरांना ती थट्टा वाटली. ते मोठ्याने हसले, मागची रांगही हसली. मार्कर धाकट्याच्या हातात आला. त्याच्या बोटांनी टोपण निघेना. वहिनीने मार्कर ओढून घेतला, टोपण काढलं आणि परत त्याच्यापुढे धरला.

"करा, भाऊजी."