बाबाजीच्या श्वासाची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना ग्राही आहे, बाबाजीच्या मेंदूतला. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरची इवलीशी खोबण. शरीराने पाठवलेले निरोप अशा खोबणीत येऊन बसतात. आम्ही सतत विरतो आणि नव्याने घडतो, पण काम तेच राहते, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो. हृदयावर लोकांनी गाणी रचली. माझे नाव मात्र बाबाजीलासुद्धा ठाऊक नव्हते.

माझा बाबाजी थळ गावचा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. लहानपणी तो पडला, रडला आणि आईने जवळ घेतले, की शरीर स्वतःचे औषध तयार करून माझ्याकडे धाडायचे. मग दुखणे उतरायचे आणि त्याला बरे वाटायचे. पुढे वादळात होडी सापडली, तरी भीतीने त्याचे हातपाय गळू नयेत, हे मी पाहायचो. जाळे भरून आले आणि सगळे हसले, की त्या आनंदातही माझा वाटा असायचा. ते दिवस फार चांगले होते.

चार वर्षांपूर्वी जाळे ओढताना त्याच्या पाठीत उसण भरली. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्या थेट माझ्यात येऊन बसल्या. कळ गेलीच, शिवाय घरची काळजीही पळाली. बाबाजी खूश झाला. दहा दिवस संपले, पण गोळ्या संपल्या नाहीत. ओळखीचा एक माणूस चिठ्ठीशिवाय आणून देऊ लागला.

मला दोष द्या, पण ऐका. दारावर कोणी दिवसभर थापा मारत राहिले, की घरातला माणूस ओ द्यायचे सोडतो. तसा मी बधिर झालो. एका गोळीने भागेना, मग दोन, मग एका वेळी चार. शरीराच्या स्वतःच्या औषधाला मी दादच देईनासा झालो. गोळी चुकली की त्याला जांभया येत, नाक वाहे, अंगावर काटा येई, पोट बिघडे. मुलीने चित्र दाखवले तरी तो तिच्यावर खेकसायचा. ते पाहून मला फार वाईट वाटायचे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. यंदा त्या दोन महिन्यांत त्याच्या बायकोने, केसरने, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेले. गावात तिने सांगितले, "कावील झालीय." तिथे उपचार झाले आणि मी हळूहळू शुद्धीवर आलो. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना बजावले, की आता पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या तर श्वास थांबेल. तसे झालेच तर तोंडाने श्वास कसा द्यायचा, हेही केसरला शिकवले. बाबाजीने ते अर्ध्या कानाने ऐकले.

हंगामाच्या पहिल्याच दिवशी होडी किनाऱ्यापासून थोडी दूर गेली होती. चुलतभाऊ रितेशने डबा उघडला. "दादा, तुज्या पाठीच्या गोल्या जपून ठेवल्यात. भिजल्या न्हायत." बिचाऱ्याने मायेनेच ठेवल्या होत्या, त्याला काही ठाऊकच नव्हते. पाठ ठणकत होती. बाबाजीने पूर्वीसारख्याच चार गोळ्या गिळल्या.

मी आता बधिर नव्हतो. श्वास चालवणाऱ्या भागातही माझी भावंडे आहेत. तिथे सगळे संथ होत गेले. बाबाजी आडवा झाला. "झोपू दे, दमलाय," खलाशी म्हणाले. घोरणे घरघरीत झाले, मग मध्येमध्ये थांबू लागले. त्याचा जीव माझ्याच हातून चालला होता आणि मला काहीच करता येत नव्हते.

ओठ निळे दिसले तेव्हा रितेश घाबरला. होडी वळवून त्याने केसरला फोन लावला. "वयनी, दादा उठत न्हाय!"

केसर तेव्हा बंदरावर मासळी विकणाऱ्या बायकांत बसली होती. ती ताडकन उठली. मग सगळ्यांसमोर ओरडली, "भावोजी, त्याला कावील न्हवती झाली! गोल्यांची सवय लागली व्हती. लाजंपायी मी सांगितलं न्हाय. त्याची मान मागं कर, नाक दाब आन् तोंडानं श्वास दे. थांबू नको!"

रितेश थांबला नाही. केसरने बोलावलेली रुग्णवाहिका किनाऱ्यावर उभी होती. सुईतून आलेल्या औषधाने गोळीला माझ्यातून ढकलून काढले आणि बाबाजीने मोठा श्वास घेतला. रितेश तिथेच बसून रडला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गोळ्या त्याने डब्यासकट दवाखान्यात नेऊन दिल्या.

बाबाजीचे उपचार पुन्हा सुरू झाले आहेत. तो पुन्हा घसरेलही, मी खोटे बोलणार नाही. पण आता होडीवरच्या सगळ्यांना त्याच्या आजाराचे खरे नाव माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा कोणी असेल, तर त्याला हसू नका आणि त्याचा आजार झाकूही नका. कोणाचा श्वास मंदावला आणि तो हाकेला उठेना, तर झोपला असेल म्हणून सोडून जाऊ नका, लगेच मदत बोलवा. मला तोंड नाही. आरडाओरडा तुम्हालाच करावा लागेल.