डोंगरापलीकडचं ऐकणारी चिप

मी एक चिप बोलतेय. नखाएवढी, काळी, दोन्ही अंगांना पाय असलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी किडाच वाटते, पण त्याचा मला राग नाही. हवेतून येणारा अगदी क्षीण संदेश पकडायचा आणि मोठा करायचा, एवढंच माझं काम.

मला घडवलं भोरच्या मदिहानं. पुण्याच्या एका कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची आणि जोडीला पीएच.डी. करायची. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शहरात मोबाईल वाजू लागले होते, वेल्ह्याच्या गावांना मात्र डोंगर आडवा येई. तिथंही ऐकू येईल अशी चिप करायची, हे तिनं मनावर घेतलं.

माझी थोरली भावंडं कारखान्यातून आली ती बिघडलेलीच. संदेश ऐकायचं सोडून स्वतःच शिट्ट्या मारायची.

"मदिहा, विषय बदला," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "फार वेळ गेला."

"चूक कुठं झाली ते कळू द्या सर. मग सांगाल ते करते."

चूक सापडली. आराखड्यात दोन तारा फार जवळून गेल्या होत्या, एकीतला संदेश दुसरीत झिरपत होता. तिनं सगळा आराखडा पुन्हा काढला. ही खेप शेवटची, असं सरांनी बजावलं. त्या खेपेतली मी.

प्रयोगशाळेत मी नीट ऐकलं. पण मदिहाला खरा डोंगर हवा होता. सरांना घेऊन ती वेल्ह्यातल्या पासली गावाला आली. तिथल्या अंबूबाईंच्या अंगणात टेबल मांडलं. त्यांचे मालक भिमा बोलायचं यंत्र घेऊन डोंगरापलीकडं गेले. आधी बाजारातली चिप लावली. नुसती खरखर. मग मला लावलं.

"एवढ्याशा खड्याला ऐकाया येतंय व्हय?" अंबूबाईंनी विचारलं.

मदिहा टेबलावर वाकून कान देऊ लागली. खरखर चालूच होती. मग तिच्यातून भिमांचा आवाज आला, "अगं, म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलं. ऐकतीस का?"

"ऐकतीया," असं डोंगराकडं बघून म्हणत अंबूबाई गोठ्याकडं निघाल्या.

सर पोट धरून हसले. मदिहा ओट्यावर बसून डोळे पुसत होती.

"आता प्रबंध लिहायला घ्या," सर म्हणाले.

ती डॉक्टर झाली, पुढं प्राध्यापक झाली. माझ्याहून कितीतरी लहान आणि हुशार चिपा आल्या. माझा एक पाय मोडला आणि मी तिच्या खणात राहू लागले.

काल वेल्ह्यातल्याच मार्गासनीची स्नेहल आली. मदिहाच्या हाताखाली संशोधन करते.

"मॅडम, ही आतून बघायला मिळंल?"

"उघडली की परत जुळणार नाही."

"मग राहू द्या."

मदिहानं मला क्षणभर निरखलं आणि स्नेहलच्या तळहातावर ठेवलं. "घे. न बघता पुढची कशी करशील?"

उद्या माझं झाकण निघेल. स्नेहल, हलक्या हातानं काढ. पुन्हा झिरपायला नको म्हणून आत एक तार उगाच फार लांबून फिरवलेली आहे, तिच्यात संदेश थोडा विरतो. मदिहाच्या ते कधी लक्षात आलं नाही. तुला दिसली, तर तुझ्या चिपमध्ये ती आखूड वाटेनं ने.