पडद्यावर सांडलेलं रक्त

मी ज्ञानेश्वरीचा उजवा डोळा बोलतोय. पालम तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात मी तिच्याबरोबरच जन्मलो. डावा माझा जोडीदार. आम्हाला कधी चष्मा लागला नाही. तुरीतला खडा आम्ही टिपायचो, चुलीचा धूर सोसायचो आणि दसऱ्यानंतर ती ऊसतोडीला गेली की फडातली धूळही सोसायचो. फारच चुरचुरलं तर ती पदराच्या बोळ्यावर गरम फुंकर मारून मला शेकायची. तेवढ्यावर माझं भागायचं.

मागच्या हंगामात फडात मला एक करडा डाग दिसू लागला. जिथं बघावं तिथं तो आधी हजर.

"अवो, उजव्या डोळ्यानं मला धुरकट दिसायलंय," ती नवऱ्याला, परमेश्वरला म्हणाली.

"उसाचं पात लागलं असंल. थेंब आणतो."

पात लागलं की मी लाल होतो, ठणकतो, पाणी गाळतो. इथं तसलं काहीच नव्हतं. माझ्या आत, अगदी मागच्या बाजूला जो पडदा आहे, त्याला दुखणं ठाऊकच नाही. तिथं रक्त सांडलं तरी माणसाला कळत नाही. दुकानातले थेंब माझ्या दारात पडत राहिले आणि बिघाड मागच्या खोलीत वाढत राहिला.

ती वाळत चालली होती. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. कामानं होत असेल, असं दोघांनी धरलं. पुढं डावाही अंधुक झाला. एके सकाळी तिचा कोयता उसावर बसायचा तो परमेश्वरच्या मनगटाला चाटून गेला. जखम थोडीच होती, पण ज्ञानेश्वरीनं हातातला कोयता टाकून दिला. तो तिनं पुन्हा उचलला नाही. त्याच आठवड्यात दोघं परभणीला डोळ्यांच्या दवाखान्यात आले.

डॉक्टर निकितांनी औषध टाकून माझी बाहुली मोठी केली. मग भिंग धरून, उजेड पाडून आत पाहिलं. आजवर मी जग बघत आलो; माझ्या आत कुणी बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. पडद्यावरच्या शिरा फुगून नागमोडी झाल्या होत्या. जागोजागी रक्ताचे ठिपके होते, काहींच्या मधोमध पांढरा डाग. डाव्यातही तेच. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पोटाबद्दल, तापाबद्दल, वजनाबद्दल विचारायला सुरुवात केली.

"बाई, आमी डोळा दाखवाया आलाव. पोटाचं कशाला?" परमेश्वर म्हणाला.

"दादा, अंगातल्या रक्ताच्या नळ्या कुठंही न कापता दिसतात, ती जागा म्हणजे हा पडदा. यांचं रक्त दाट झालेलं वाटतंय. आजच तपासायला हवं."

"फड उरकून आलाव तर चालंल का? मुकादमाचा फोनवर फोन यायलाय."

बाईंनी उत्तर द्यायच्या आत ज्ञानेश्वरी बोलली, "तुमचा हात तुटला असता माझ्यानं. म्या न्हाई जात फडात. बाई, रक्त काढा."

रक्तात पांढऱ्या पेशी कितीतरी पटीनं वाढल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर असावा, असं बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं.

"डोळ्यात कॅन्सर?" परमेश्वरनं विचारलं.

"डोळ्यात नाही, रक्तात. पांढऱ्या पेशींची गर्दी झाली की रक्त दाटतं, बारीक शिरा तुंबतात, फुटतात. ते डोळ्यात आधी दिसलं."

"वाचंल का वो ही?"

"काही प्रकार रोजच्या गोळीनं ताब्यात राहतात. यांचा कोणता, ते मोठ्या दवाखान्यात कळेल, तिथं पाठवते. पण आता वेळ घालवू नका."

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. गोळीनं ताब्यात राहणाराच प्रकार निघाला. परमेश्वर तिथल्या व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून रडला, मग तिच्यासाठी चहा घेऊन आला. गोळ्या सुरू झाल्या. रक्ताची दाटी हळूहळू ओसरली, शिरा निवळल्या, ठिपके पुसट झाले.

डावा आता स्वच्छ आहे. माझ्या मधोमध मात्र रक्त फार दिवस साचून राहिलं होतं. तिथली नजर थोडी गेली ती गेलीच. एकट्या माझ्यानं समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डावा सांभाळून घेतो. या वर्षी दोघं ऊसतोडीला गेले नाहीत, गावातच कापूस वेचतात. ती रोज गोळी घेते आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासून येते.

मला तुमच्याकडं काही फार मागायचं नाही. नजर अचानक धुरकट झाली, डोळ्यापुढं डाग आला, तर नुसत्या थेंबांवर दिवस काढू नका. दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना पडदा बघू द्या, आणि त्यांनी रक्त तपासायला सांगितलं तर का म्हणून भांडू नका. मी चेहऱ्यावर असलो तरी माझ्यातून वाहणारं रक्त सगळ्या अंगाचं आहे.

आज पुन्हा तपासणी होती. बाहुली मोठी केलीय, उजेड सोसवत नाही. ज्ञानेश्वरीनं पदर कपाळावर ओढलाय, परमेश्वरनं तिचा दंड धरलाय आणि दोघं परभणीच्या स्टँडवर पालमची गाडी शोधताहेत. आता मी जरा मिटून घेतो.