मंगळवारी सवड नाही

आफ्केनं पत्र वाचलं, चष्मा स्वेटरला पुसला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. मजकूर काही बदलला नव्हता. ‘मंगळवारी मला सवड नाही. गुरुवारी साडेदहा ते साडेअकरा ये. कॉफी करीन. ट्रिना.’

“एकतीस वर्षांनी सख्खी बहीण येतेय, आणि ह्या बाईला सवड नाही?” जोडी, आफ्केची मुलगी, तिच्या खांद्यावरून वाचत होती. “शहाऐंशीव्या वर्षी कसली एवढी कामं?”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा नकाशा पसरला होता. जोडीच्या मुलाचं शनिवारी एडिंबरात लग्न होतं. त्याआधी वाकडी वाट करून त्या कालव्यांच्या गावात जायचं तिनंच ठरवलं होतं. सोमवारी रात्री पोचायचं, बुधवारी पहाटे निघायचं. हातात सगळा मिळून एक मंगळवार. जोडीनं त्याचेही तुकडे पाडले होते: सकाळी मावशी, दुपारी होडीतून फेरी, संध्याकाळी तळलेले मासे.

“आमच्यात असंच असतं,” आफ्के म्हणाली. “डायरीत नाव नसेल, तर राणीलासुद्धा दारातून परत पाठवतील.”

ती नऊ वर्षांची असताना घरातले सगळे बोटीत बसून टास्मानियाला आले. मोठी ट्रिना तेवढी मागे राहिली, तिचं लग्न ठरलं होतं. इथे किंग्स्टनमध्ये शेजारणी न सांगता सवरता, हातात गरम भांडं घेऊन थेट आत यायच्या. आफ्केची आई बावचळून जायची. पाव्हणी गेली की म्हणायची, “अगं, ही आधी विचारत का नाही?” पुढे आफ्के त्याला सरावली. पण ट्रिनाचा राग तिला आला नाही, आली ती उत्सुकता. मंगळवारी करते काय ही? गाणं शिकते? की कुणी म्हातारा गाठलाय? तो किडा दिवसभर तिच्या डोक्यात वळवळत राहिला.

संध्याकाळी तिनं जोडीला म्हटलं, “तुझ्या त्या यंत्रात रस्ते दिसतात ना? तिचं घर दाखव.”

जोडीनं पत्ता घातला. पडद्यावर कालवा आला, काठाला टेकवलेल्या सायकली आल्या, मग हिरवं दार आणि त्यावर सतरा नंबर. आफ्के हसली. त्या घरात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, मागच्या वेळी ट्रिनाच इकडे आली होती; पण दर नाताळला ट्रिना त्याचा फोटो पाठवायची. रुंद खिडकी, पडदे सताड उघडे, कट्ट्यावर दोन सारख्या निळ्या कुंड्या. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसावं, अशी तिकडची पद्धत.

“आत नेता येतं का?”

“आत नाही. पण जवळ जाता येतं.”

खिडकी मोठी झाली. कट्ट्यावर कुंड्या नव्हत्या. तिथे रबरी डायनासोर रांगेत उभे होते. आत भिंतीला टेकवलेला बाळाचा पाळणा होता आणि दाढीवाला तरुण पोराला कडेवर घेऊन उभा होता.

“चुकीचं घर असेल,” जोडी म्हणाली.

“नंबर सतराच आहे. हा फोटो कधीचा?”

जोडीनं कोपऱ्यातली तारीख वाचली. दोन वर्षं झाली होती.

आफ्के उठली आणि खणातून गेल्या वर्षीचं पत्र शोधून आणलं. ‘खिडकीत बसून होड्या मोजते,’ असं ट्रिनानं त्यात लिहिलं होतं. तिनं ते वाचून घडी घातली, पुन्हा उघडलं.

“फोन लाव,” आफ्के म्हणाली. “तिथे आता सकाळचे दहा वाजले असतील.”

“काय बोलणार आहेस? खोटं का लिहिलंस, असं?”

“वेडी आहेस का?”

ट्रिनानं तिसऱ्या घंटेला उचलला. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत, मास्तरणीचा.

“पत्र मिळालं ना? मग फोन कशाला?”

“गुरुवारी मी एडिंबरात असेन, ट्रिना.”

“मग राहिलं.”

मागून भांड्यांची ढकलगाडी खडखडत गेली. कुणीतरी मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं विचारलं, “बोल्हाउसबाई, गोळी घेतली का आपण?” फोनवर हात दाबल्याचा आवाज आला. वृद्धाश्रमच होता तो. आफ्केनं डोळे मिटले. ही बहीण खरं सांगायला कुणाच्या बापाला भ्यायची नाही, आणि आज एका खिडकीसाठी धाकटीला परत पाठवायला निघाली होती. पण ‘मला कळलंय’ असं म्हटलं, तर ट्रिना फोन ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हात निघाला.

“हं. काय म्हणत होतीस?”

“खरं सांगू? मला घरात बसायचंच नाही,” आफ्के म्हणाली. “तीस तास विमानात बसून यायचं आणि परत खोलीत बसायचं? मला कालव्याच्या काठी बसायचंय. एखादं बाक बघू, तुला जवळ पडेल असं. मंगळवारी.”

जोडी खुर्ची ओढून जवळ बसली.

“बाक नको,” ट्रिना म्हणाली.

“मग?”

“म्हणजे तू बस बाकावर. माझी खुर्ची मी आणते. चाकांची आहे.”

“बरं.”

“आता सतरा नंबरात राहतात ती माणसं गुरुवारी कामावर जातात. तासभर पुढची खोली देतो म्हणाली होती. भली आहेत.” मग तिनं विचारलं, “तुला कळलं होतं?”

“तू मंगळवारी गाणं शिकतेस, असं मी धरून चालले होते.”

ट्रिना खुदकन हसली. लगेच तिनं गळा खाकरला, आणि डायरीची पानं उलटल्याचं ऐकू आलं.

“मंगळवार. साडेदहा. आणि वेळेवर ये. साडेअकराला मला जेवायला परत नेतात.”

एकतीस वर्षं आणि एक तास. आफ्केनं समोरच्या नकाशावर जोडीनं काढलेली होडी बघितली, मासे बघितले.

“मी आठलाच येते.”

“आठला!” ट्रिना कडाडली. “आठला कुणी कुणाकडे जातं का? काही रीतभात आहे की नाही? ऑस्ट्रेलियात राहून अगदी जंगली झालीयेस तू.”

“झालेय.”

पलीकडे पेन्सिल थोडा वेळ नुसतीच कागदावर टकटकली.

“साडेसातला ये,” ट्रिना म्हणाली. “मी उठलेली असते.”