राजवाड्याची चौकट

माझी वहिनी मिली इस्रायलमधल्या किर्यात मलाखीत संत्र्यांच्या पेट्या भरायच्या कामावर होती. हात पेटीत आणि तोंड मुंबईत. लहानपणी आपण सिनेमात होतो, काळा मुखवटा घालून राजवाड्याच्या गच्चीवरून घोड्यावर उडी मारणारा शूर मुलगा म्हणजे आपणच, हे ती भेटेल त्याला ऐकवायची. कामावरच्या मोरोक्कोहून आलेल्या बायका हसायच्या. माझा भाऊ मेनाशे चहा ढवळत बसायचा. मला विचाराल तर, थाप असली तरी इतकी रंगवून मारणारी बाई मला आवडायचीच.

जीव जायचा तो तिच्या मुलीचा, हेदवाचा. शाळेतल्या पोरी मिलीला ‘शक्रानीत’ म्हणत, म्हणजे खोटारडी. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात गावच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवणाऱ्या नाथानने मुंबईहून जुनी रिळं मागवली आणि त्यांत नेमका तोच चित्रपट निघाला. हेदवाने आईला हिब्रूत बजावलं, “त्यात तू नसलीस तर ही गोष्ट पुन्हा कुणापुढे काढायची नाही. माझ्यापुढेसुद्धा.”

“बरं गो,” मिली म्हणाली. संध्याकाळी ती लग्नातली साडी नेसून निघाली, तेव्हा मला तिची फार काळजी वाटली.

हॉल भरला होता. सुरुवातीच्या पाट्यांवर कुणा मुलाचं नाव आलं आणि पडद्यावरही तोच आला, गुबगुबीत. दुष्ट दिवाणाने त्याच्या वडिलांना मारलं. आईने पेटीतून वडिलांचा मुखवटा काढला. हेदवा खुर्चीत खाली सरकली.

“हा स्टुडिओच्या शेटचा मुलगा,” मिली कुजबुजली. “शिडीवर चढला तरी त्याला चक्कर यायची. मुखवटा बांधल्यावर मी. बाबा तिथे सुतार होते ना, त्यांनीच मला पुढे केलं.”

“असं कुणीही म्हणेल,” हेदवा म्हणाली. खरंच होतं ते. मुखवट्याआड कोण आहे, हे कोण सांगणार?

पडद्यावर आईने गाठ मारली. आता अंगाने काटकुळं झालेलं पोर दाराकडे धावलं, उंबऱ्यापाशी थबकलं, हात उंचावून चौकटीला बोटं लावली आणि ती ओठांना टेकवली. मग गच्चीवर जाऊन त्याने खाली झेप घेतली.

झेपेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आम्हा ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा असते, पवित्र वचनांची चिंचोळी डबी. जाता-येता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची, हे आम्हाला चालायला लागल्यापासून येतं. सिनेमातल्या राजपुतांच्या वाड्याला कुठली आली मेझुझा? मुंबईत जे कुणाच्या ध्यानात आलं नसेल, ते इथे अख्ख्या हॉलच्या एकदम आलं.

“मी असं केलं?” मिली म्हणाली. “मला ठाऊकच नाही गो. घाबरले होते मी. घरातूनच निघाले असं वाटलं असेल.”

मागून शेजारच्या सिम्हाने हिब्रूत विचारलं, “हा आपला मुलगा कोण?”

हेदवा उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली. बस, बस, असं लोक म्हणाले, पण ती बसली नाही.

“मुलगा नाही तो,” ती खणखणीत हिब्रूत म्हणाली. “माझी आई आहे.”

मग ती खाली बसली आणि तिने आईचा हात हातात घेतला. घरात कधी मराठीत उत्तर न देणारी ती पोर हळूच मराठीत म्हणाली, “आई, तुला लागलं काय तेव्हा?”

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“लागलं गो,” मिली म्हणाली, आणि रडायला लागली.