मावशीची मेणबत्ती

लेआंद्रुने सासऱ्याच्या फरशीच्या दुकानाला रामराम ठोकला आणि ऑनलाइन कॅसिनोचा मध्यस्थ झाला. माल्टात हल्ली दर तिसरा तरुण हेच करतो. उरलेले दोघे विचारात असतात.

काम सोपं. वेबसाइट काढायची, कॅसिनोची स्तुती लिहायची, वाचून कोणी तिथे खेळायला गेला की तो हरेल त्यातला वाटा आपला. जिंकला तर तेवढी रक्कम आपल्या नावावर उणे, आणि ती पुढच्या महिन्यातही मागे लागते. स्लीमा शहरातल्या कॅसिनोच्या ऑफिसातल्या स्वीडिश पोराने हे दोनदा समजावलं. लेआंद्रु म्हणाला, "काळजी नको. आमच्या गावात कोणी जिंकत नाही."

सासरा वेन्झू एवढंच म्हणाला, "गावच्या संताच्या उत्सवापर्यंत मुदत. हिशोब उणे निघाला, तर सोमवारी दुकानात."

वेबसाइट परदेशी लोकांसाठी होती. पण परदेशी काही येईनात, तेव्हा लेआंद्रु गावच्या बँडवाल्यांच्या, उत्सव भरवणाऱ्या क्लबात आला आणि आम्हा म्हाताऱ्यांपुढे पास्तित्सीची, चीज भरलेल्या खाऱ्या करंज्यांची, ताटली सरकवत म्हणाला, "खेळा की जरा. माझ्यासाठी."

आम्ही खेळलो. प्रामाणिकपणे हरलो. बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग जिनामावशी आली. लेआंद्रुच्या आईची थोरली बहीण, चर्चमधली फुलं बदलणारी. भाच्याच्या धंद्याला हातभार म्हणून तिनेही नाव नोंदवलं.

"मावशी, कसं चाललंय?" तो रोज विचारायचा.

"जिंकले रे पुन्हा!"

"सगळंच?"

"असं काय तोंड करतोस? तुझ्या बरकतीसाठीच तर रोज मेणबत्ती लावते."

"मावशी, थोडे दिवस नको लावूस."

"नास्तिक झालास का मेल्या?"

लेआंद्रुची झोप उडाली. दाढी राहिली. क्लबात खुर्चीवर टेकायचा, फोन बघायचा, उठायचा. मावशी दिसली की तिच्या चेहऱ्यावर दुःख शोधायचा आणि न सापडल्यावर मला विचारायचा, "काका, स्वतःच्या मावशीचं वाईट चिंतणं पाप आहे का हो?"

"टक्केवारी किती मिळते त्यावर आहे," मी म्हणालो.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यात मावशीने मोठा डाव मारला. लेआंद्रुचा हिशोब विहिरीत गेला. तो तिच्याकडे धावला. म्हटलं तर सुटका होती: तेच पैसे ती पुन्हा तिथेच खेळली असती, तर आज ना उद्या हरलीच असती.

"खेळ ना अजून, मावशी!"

"आता नाही. संताला नवस बोलले होते. जे मिळालं ते सगळं उत्सवाच्या शोभेच्या दारूकामाला दिलं."

उत्सवाच्या दिवशी भर दुपारी संताची मूर्ती चर्चबाहेर आली आणि आवाजांनी आभाळ फाटलं. असे बार गावाने कधी ऐकले नव्हते. शेजारच्या गावाचे लोक गच्चीवर जळत उभे होते. मावशीने भाच्याचा हात घट्ट धरला. "ऐक! क्लबवाल्यांना सांगितलंय मी, लेआंद्रुच्या नावाने लावा म्हणून."

लेआंद्रु वर बघत राहिला. त्याचं एकेक उणे पांढरा धूर होऊन विरत होतं. लोक येऊन पाठ थोपटत होते.

वेन्झूही आला. त्याने टोपी काढून संताला नमस्कार केला, शेवटचा बार होऊ दिला, आणि जावयाच्या कानाशी वाकून म्हणाला, "आठला उघडतो आपण."