अर्धी टीप

दवाखान्यातल्या बाथरूमचे दार लोटून बाईंनी आतून कडी लावली आणि नळ सोडला.

"कडी काढा, आई," बाहेरून सून म्हणाली. "चक्कर आली तर?"

"आजवर माझ्या दाराशी कुणी पहारा दिलेला नाही."

"आजवर तुमच्या लघवीची कुणाला वाट पाहावी लागली नव्हती."

कडी निघाली.

सकाळीच नर्सने नळी काढली होती. संध्याकाळपर्यंत लघवी आपली आपण झाली तर घर. नाहीतर पुन्हा नळी, पुन्हा ती खाट.

बाईंच्या शिवणकामाच्या कारखान्यात एकच कायदा होता: हातातली टीप संपेपर्यंत मशीनवरून उठायचे नाही. तो त्यांनी इतरांच्या आधी स्वतः पाळला. गेल्या आठवड्यात एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या लघवीला गेल्या आणि न होताच परतल्या. ओटीपोट दगड झाले, तरी तोंडातून ब्र काढला नाही. बायका कौतुकाने म्हणाल्या, "बाईंचा दम बघा!" शेजारच्या मशीनवरच्या सुनेने मात्र त्यांची टीप पाहिली. ती वाकडी चालली होती.

"आई, एकाच्या दोन टिपा दिसतात का?"

"दिसल्या तर दिसल्या. दोन्हींवर शिवीन."

सुनेने ऐकले नाही, थेट दवाखाना गाठला. लघवी तुंबली म्हणून नळी घालणारे डॉक्टर 'दोन टिपा' ऐकताच थबकले. मेंदूच्या देठाशी, जिथून खालच्या अवयवांना हुकूम सुटतात, तिथे रक्ताची गुठळी अडकली होती. लघवी अडून असा झटका उघडकीला येणे क्वचितच, ते म्हणाले.

"माझा हुकूम मोडणारा हा पहिलाच अवयव," बाई पुटपुटल्या होत्या.

आता आत नळ वाहत राहिला. मग बंद झाला. सुनेने दाराला कान लावला.

"अगं..."

"काय, आई?"

"झालं."

सून भिंतीला टेकली आणि तोंडावर हात ठेवून हसली.

महिन्याने बाई मशीनवर बसल्या. बाहीची टीप अर्ध्यावर आली असताना त्यांनी पाय थांबवला, सुई कापडात तशीच ठेवली आणि उठल्या. एकेक मशीन गप्प झाले.

"बाई, टीप अर्धी राहिली," बटणांची काजे करणारी धीर करून म्हणाली.

"राहू दे. कापड कुठे पळून जातंय?"

त्या सावकाश बाथरूमच्या दाराआड गेल्या. मग काजे करणारीने कात्री खाली ठेवली आणि दाराबाहेर नंबर लावून उभी राहिली. तिच्यामागे आणखी दोघी.